चालता चालता भजन: एका दिवसाच्या पायी दिंडीची तयारी, पावले आणि दम

देवळात बसून दोन तास भजन करणारे मंडळ रस्त्यावर उतरले की दुसऱ्या किलोमीटरला गप्प होते. टाळ वाजत असतात, पताका पुढे सरकत असतात, पण गाणारे दोघेच उरलेले असतात. इथे भाव कमी पडलेला नसतो, दम संपलेला असतो. चालायला जो श्वास लागतो तोच गायलाही लागतो आणि दोन्हीकडे एकदम पुरवायचा तर काटकसर करावी लागते. वारकरी दिंडीतल्या रांगा, धृपद (सगळ्यांनी पुन्हा पुन्हा म्हणायची ओळ), टाळाचा ठोका, पावली (ठोक्यावर टाकायची नाचती पावले), विसावे यांच्याकडे दम वाचवण्याच्या सोयी म्हणून पाहिले, तर काय कशासाठी आहे ते चटकन कळते आणि काय बदलले तर चालेल, काय बदलू नये, हेही कळते.

आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. सुमारे २५० किलोमीटरची ती वाट आणि तिथल्या दिंड्या हाच या लेखाचा नमुना आहे. मात्र इथे आपण आपल्या गावाच्या, सोसायटीच्या किंवा भजनी मंडळाच्या एका दिवसाच्या दिंडीचे बोलू: माणसे चाळीसेक, अंतर १२ किलोमीटर, दिवस एकादशीचा, शेवट एखाद्या विठ्ठलमंदिरात. एवढे नीट जमले की मोठ्या वारीत एखाद्या दिंडीची भिशी (जेवण-मुक्कामाची वर्गणी) भरून सामील होताना नवखेपणा राहत नाही.

अंतर आणि वेळ

एकटा माणूस तासाला पाच किलोमीटर सहज चालतो, म्हणून १२ किलोमीटरला अडीच तास धरले जातात आणि पहिला घोळ इथेच होतो. भजन म्हणत चालणारी दिंडी मिनिटाला साधारण ९० पावले टाकते आणि रांगेमुळे पाऊल ६० सेंटीमीटरच्या पुढे पडत नाही. म्हणजे मिनिटाला ५४ मीटर, तासाला जेमतेम सव्वातीन किलोमीटर. १२ किलोमीटरला पावणेचार तास नुसते चालणे. त्यात तीन विसावे (पहिला २० मिनिटांचा, मधला ४०, शेवटचा २०) आणि वाटेतल्या देवळांपुढचे थांबे धरले की साडेपाच तास होतात. सकाळी सहाला निघालात तर साडेअकरा. उन्हाळ्यात चैत्री एकादशीला निघायचे असेल तर पाचलाच निघा, नाहीतर शेवटचे तीन किलोमीटर तापल्या डांबरावर जातात.

पहिल्याच वर्षी २० किलोमीटरचा बेत करू नका. पुणे ते सासवड हा तीस किलोमीटरहून लांबचा टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण, वारकरी एका दिवसात करतात हे खरे. पण त्यांच्यापाशी पिढ्यांची सवय असते, शिवाय मागून तंबू आणि स्वयंपाकाची गाडी येत असते. तुमच्या मंडळातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला आधी एकदा तीन किलोमीटर चालवून पाहा. दिंडीचा वेग तोच असतो.

माणसे आणि रांगा

पुढे पताकावाले, मग टाळकरी, त्यांच्यामध्ये मृदंग, मागे विणेकरी आणि त्यामागे डोक्यावर तुळस व पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. ही ठेवण उगाच नाही. आवाजाचा उगम मधोमध असला की पुढच्या पताकांपासून मागच्या तुळशींपर्यंत ठोका साधारण एकाच वेळी पोहोचतो. मृदंग अगदी पुढे ठेवला तर मागचे लोक ठोक्याच्या मागे पडतात, कारण आवाज पोहोचायला वेळ लागतो आणि मध्ये माणसांची भिंत असते.

चाळीस जणांत पताका चार पुरेत. टाळकरी १६ ते २०, म्हणजे चार-चारच्या रांगा. मृदंगाला दोन वादक, कारण शिसवी पखवाज गळ्यात अडकवून तासाहून जास्त वेळ वाजवला की मानेला आणि कमरेला रग लागते. विणेकरी दोन. राहिलेले तुळशीमागे, टाळ्या वाजवत. चार जणांच्या रांगेला तीन मीटर रुंदी लागते आणि दोन रांगांमध्ये सव्वा मीटर मोकळे हवे, नाहीतर पुढच्याच्या टाचेवर पाय पडतो. अरुंद रस्त्यावर दोन-दोनच्या रांगा करा. तिथे चारचा हट्ट धरला की कडेचा माणूस सारखा खड्ड्यात आणि गटारावर पाय टाकत चालतो, आणि तो गात नाही.

गळ्यात वीणा असलेला माणूस हा दिंडीचा मध्यबिंदू. वाटेत लोक त्याच्या पाया पडतात, त्याला गळाभेट देतात. वीणा वाटेत जमिनीवर ठेवायची नाही. बदलायची वेळ आली की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची आणि दोघांनी एकमेकांना नमस्कार करायचा. म्हणून दुसरा विणेकरी जवळच असावा, चहाच्या टपरीवर नव्हे.

एक चोपदार नेमा. आवाजाने नव्हे, हाताने सूचना देणारा. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाच्या जागी चोपदाराने चोप (हातातला दंड) उंच धरला की सारा तळ शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असते तेवढीच टाळ वाजवत राहते आणि चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतो. लहान दिंडीत हीच पद्धत चालवा: काठी उभी म्हणजे थांबा, आडवी म्हणजे हळू, पुढे झुकवली म्हणजे चला. टाळांच्या गजरात ओरडून काहीच ऐकू जात नाही.

आणि हाक मारायची ती ‘माउली’ म्हणूनच. ‘माउली, रांगेत या’ म्हटले की साठीच्या माणसालाही राग येत नाही.

टाळ, मृदंग आणि वीणा

टाळाची जोडी घेताना वजन पाहा. पाव किलोपासून किलोपर्यंतच्या जोड्या मिळतात. बसून वाजवायची जड जोडी चार तास हातात धरली की मनगट भरून येते. चालण्यासाठी अर्ध्या किलोच्या आतबाहेरची जोडी पुरे. दोरी सुती आणि घट्ट पिळाची असावी. नायलॉनची दोरी घामाने सरकते आणि बोटाला कापते. दोरीची गाठ आदल्या दिवशी ओढून पाहा, कारण भर रस्त्यात टाळ निसटला तर पुढच्याच्या पाठीत बसतो. जादा दोरी दोन जणांच्या खिशात ठेवा.

दोरी तर्जनीवरून घेऊन मुठीत सैल धरायची. धातूला बोटे टेकली की नाद मरतो. डाव्या हातातला टाळ जवळजवळ स्थिर, तोंड वर. उजव्या हातातला किंचित तिरपा करून कडेवर मारायचा. तोंडाला तोंड सपाट आपटले तर मध्ये हवा कोंडते आणि ‘थप’ असा बसका आवाज येतो. नवशिक्यांना हे सांगितले नाही तर ते आवाज वाढवण्यासाठी आणखी जोरात आपटतात आणि अर्ध्या तासात खांदा धरून बसतात.

मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लागते. ती निघण्याआधी मऊ मळून ओल्या फडक्यात गुंडाळून घ्या, शिवाय मूठभर जास्तीची, कारण उन्हात ती सुकून पडते. पावसात कातडे सैल होते आणि मृदंग बोलेनासा होतो. आषाढात वादकाच्या डोक्यावर छत्री धरायला एक माणूस ठेवा आणि सर पडली की मृदंगावर आधी प्लास्टिकचा कागद टाका, मग स्वतःचा विचार करा. पट्टा रुंद आणि कापसाचा असावा. बारीक दोरी मानेत रुतते.

पट्टीविषयी एक स्पष्ट मत: फडावरचे (जुन्या भजनी परंपरेतले) गवई काळी चार, काळी पाचमध्ये (पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात) गातात ते ऐकायला जोरकस वाटते, पण नव्या मंडळाने चालताना ती पट्टी धरू नये. बसून ज्या पट्टीत गाता तिच्याहून दोन स्वर खाली घ्या. चालताना सूर आपोआप चढतो आणि तासाभरात तुम्ही तिथेच पोहोचता. वीणा लावलेली असेल आणि गाणारे तिच्याकडे कान देत असतील तर हे चढणे बरेच आटोक्यात राहते. मृदंगाचे उजवे तोंडही याच खालच्या पट्टीत लावून घ्या.

ठोका आणि पाऊल

इथे वेळ द्या. सरावाचे तीन दिवस ठेवता आले तर दोन दिवस केवळ यावर.

दिंडीतले बहुतेक भजन आठ मात्रांच्या (सारख्या मोजांच्या) आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत बसते, भजनी ठेका किंवा धुमाळी. चालताना दर दुसऱ्या मात्रेला एक पाऊल टाकायचे, म्हणजे आवर्तनात चार पावले. ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ हा घोष एका आवर्तनात म्हटला की ‘ज्ञा’ वर सम (फेरीची पहिली मात्रा) येते आणि चौथे पाऊल संपता संपता पुन्हा ‘ज्ञा’. मिनिटाला ९० पावले म्हणजे एकेक घोष पावणेतीन सेकंदांचा. घड्याळ लावून मोजा: मिनिटात २२ ते २३ वेळा घोष झाला तर वेग बरोबर आहे. ३० वेळा झाला तर तुम्ही तासाला चार किलोमीटरच्या पुढे पळवता आहात आणि मागे रांगा तुटल्या असणार.

चार ही समसंख्या असल्याने सम दर वेळी त्याच पायावर पडते. टाळकरी समेवर जोर देतात, सोबत पायही आपटतात, आणि संध्याकाळी एकच टाच दुखते. याला उपाय पावलीचा. पावल्यांचे प्रकार पुष्कळ आहेत, पण सगळ्यांना अर्ध्या तासात शिकवता येईल अशी सोपी ही: उजवा पुढे, डावा पुढे, उजवा पुढे, आणि चौथ्या ठोक्याला डावा पाय उजव्याजवळ नुसता टेकवून किंचित झुकायचे, भार न देता. पुढचे आवर्तन डाव्याने सुरू: डावा, उजवा, डावा, आणि उजवा टेकवायचा. आता सम एकदा उजव्यावर, एकदा डाव्यावर. शिवाय चौथ्या ठोक्याला शरीर क्षणभर थांबते, आणि श्वास घ्यायची जागा तीच.

पावली घेतली की वेग तीन चतुर्थांश होतो, तासाला अडीच किलोमीटरच्या आत. म्हणून ती सगळ्या वाटभर घ्यायची नाही. गाव लागले, चौक आला, देऊळ आले की पावली. मोकळ्या रस्त्यावर सरळ चाल. उड्या, फुगड्या, चढत्या लयीवरचा खेळ हे सगळे विसाव्याच्या जागी, मातीवर किंवा गवतावर. डांबरी रस्त्यावर उड्या मारल्या की गुडघे त्याच दिवशी सांगत नाहीत, दुसऱ्या दिवशी सांगतात.

सराव असा घ्या. आधी मैदानावर टाळ्यांच्या ठोक्यावर मूकपणे चाला, दहा मिनिटे. मग फक्त नाम, ‘विठ्ठल विठ्ठल’ पुरे. मग टाळ हातात घेऊन, पावलाला एक टाळ एवढेच वाजवत. मधल्या मात्रांचे टाळ नंतर. शेवटी अभंग. क्रम उलटा केला, म्हणजे अभंगापासून सुरुवात केली, तर लोक शब्द आठवण्यात गुंततात आणि पाय आपापल्या चालीने पडतात. बिघडलेला ठोका चालत्या दिंडीत दुरुस्त होत नाही. चोपदाराने काठी उभी करावी, सगळ्यांनी जागेवर चार आवर्तने पाय हलवावेत आणि मृदंगाने सुरुवातीचा उठाव नव्याने द्यावा. हे तीस सेकंदांचे काम आहे, लाजू नका.

सर्वांत जास्त वेळा जे बिघडते ते लय चढणे. नामघोष रंगला की टाळ वेग घेतात, टाळांमागे मृदंग धावतो, पताकावाले पुढे निघतात आणि तुळशीवाल्या बाया दोनशे मीटर मागे राहतात. मग पुढचे थांबतात, मागचे धावत येतात, आणि धावून दमलेल्यांना विसावा न देता दिंडी पुन्हा सुटते. दिवसभर हेच चालले तर सर्वांत जास्त दमणार ती मागची, बहुधा वयस्कर, माणसे. उपाय एकच: वेग मागून ठरवायचा. विणेकऱ्याच्या मागे तुळशी दिसत नसतील तर चोपदाराने काठी आडवी धरावी. लय वाढवायचीच असेल तर उभे राहून वाढवा.

दम कुठे घ्यायचा

एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी म्हणायचे ही पद्धत दिंडीत रांगांमध्ये वाटलेली असते. चाल सांगणारा चरण म्हणतो, उजवीकडची रांग तो उचलते, मग डावीकडची, आणि धृपद सगळे मिळून. यात टाळकरी जवळजवळ अर्धा वेळ ऐकत असतो आणि ऐकता ऐकता श्वास भरून घेतो. ‘सगळ्यांनी सगळे म्हणा’ असा उत्साही आग्रह करणारे लोक असतात. त्यांनीच दुसऱ्या विसाव्यानंतर गळे बसवलेले असतात. पुढे चाल सांगणाऱ्याला मात्र ही सूट नसते, म्हणून तीन जण ठेवा आणि दर अभंगाला बदला.

अभंग निवडतानाही श्वास पाहा. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा: ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’. चौथ्या चरणात दोन अक्षरांची जागा रिकामी राहते आणि श्वास तिथे आपसूक घेतला जातो. लहान अभंगाचे चरण आठ-आठ अक्षरांचे, ‘जे कां रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले’ यासारखे. त्यात अशी मोकळी जागा नसते. म्हणून एकाच दमात सगळ्यांनी लहान अभंग ओढण्यापेक्षा एक चरण उजव्या रांगेने, दुसरा डाव्या रांगेने असा वाटून घ्यावा. सपाट रस्त्यावर दोन्ही चालतात. चढावर मोठा अभंग किंवा नुसते नाम, आणि चढ कडक असेल तर तेही नको, फक्त टाळ. घाटात गाता आले नाही याची रुखरुख नको. पायांचा ठोका आणि टाळ एवढ्यावरही दिंडी बांधलेली राहते. उतारावर उलट अडचण: पाय आपोआप वेग घेतात. तिथे मृदंगाने मुद्दाम जरा संथ वाजवावे.

लांब आलाप, ताना, पदाची नवी चाल हे सगळे विसाव्यासाठी ठेवा. मडगावच्या दिंडी उत्सवात जागोजागी थांबून गायनाच्या बैठका होतात. तिथे गाणे चालीपेक्षा थांब्यावर फुलते आणि तोही एक रास्त मार्ग आहे. पण बैठकीतले गाणे चालत्या रांगेत आणले तर ना गाणे होते ना चालणे.

दिवसाचा क्रम

माउलींच्या सोहळ्यात मुक्काम हलताना कर्ण्याचे (मोठ्या तुतारीचे) तीन इशारे होतात: पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला दिंडीत उभे राहणे, तिसऱ्याला निघणे. लहान दिंडीतही शंख किंवा शिट्टीने हे करा, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने. नाहीतर ‘निघू या, निघू या’ करत पाऊण तास जातो आणि तो पाऊण तास दुपारच्या उन्हात फेडावा लागतो.

जागेवर उभे राहून ‘जय जय राम कृष्ण हरी’ पाच मिनिटे, अगदी संथ. याने गळा उघडतो आणि पट्टी ठरते. मग मंगलाचरण: ‘रूप पाहता लोचनी’ आणि ‘सुंदर ते ध्यान’. दुसऱ्या अभंगाच्या शेवटच्या धृपदाला पहिले पाऊल टाका. पहाटे निघाला असाल तर पुढचा तास भूपाळ्या आणि वासुदेवाचा. या चालीच सकाळच्या अर्धवट जाग्या गळ्याला मानवतात. त्यानंतर वाराचे अभंग, म्हणजे त्या दिवसाच्या वाराला नेमून दिलेले. भजनी मालिकेच्या छापील पुस्तकात ते वारानिशी मिळतात. आदल्या रात्री त्यांतले आठ-दहा निवडून मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवा आणि प्रत्येक रांगेत एक कागद द्या. मोबाइलवर शब्द पाहत चालणारा माणूस हमखास ठेचकाळतो.

मधल्या विसाव्यानंतर गौळणी. पोटात फराळ गेलेला असतो, पाय जड झालेले असतात, तिथे गंभीर अभंग घेतला की रांगा झोपाळतात. शेवटच्या दोन किलोमीटरला पुन्हा फक्त नाम. हरिपाठ चालत म्हणणारी मंडळे आहेत, पण ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे २७ अभंग (काही प्रतींत २८), प्रत्येकानंतर ‘हरि मुखे म्हणा’ हे धृपद, म्हणजे पाऊण तास अखंड म्हणणे. पहिल्या वर्षी तो मंदिरात पोहोचल्यावर, पावली घेत पण जागेवर म्हणा.

रस्ता

या भागात हयगय नको. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात एका दिंडीत मागून जेसीबी घुसला आणि वारकरी मृत्युमुखी पडले. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ संध्याकाळच्या वेळी मोटार दिंडीत शिरून सात जण गेले. टाळ-मृदंगाच्या आवाजात मागून आलेल्या गाडीचा भोंगा ऐकूच येत नाही. दिंडीतला माणूस त्या अर्थाने बहिरा असतो, ही गोष्ट गृहीत धरूनच आखणी करा.

रस्त्याच्या डाव्या कडेने चाला आणि तुमची गाडी दिंडीच्या मागे ठेवा, चारही दिवे लुकलुकत, अंतर तीस-चाळीस मीटर. गाडीच्याही मागे पन्नास पावलांवर चकाकते जाकीट घातलेला माणूस लाल झेंडा घेऊन. या माणसाने टाळ घ्यायचे नाहीत आणि गायचेही नाही. दर तासाला माणूस बदला म्हणजे कोणाचे भजन बुडत नाही. वळणावर एक जण पुढे धावून उभा राहील. उजेड पुरता नसताना रस्त्यावर असूच नका, आणि पहाटे निघणे भागच असेल तर पहिला टप्पा गावातल्या दिव्यांच्या रस्त्याने आखा. पताकांच्या काठ्यांना आणि मागच्या रांगेच्या पाठींना चकाकती पट्टी चिकटवा, काही रुपयांत होते. महामार्ग टाळण्यासाठी दोन किलोमीटर जास्त पडले तरी पडू द्या.

स्थानिक पोलीस ठाण्यात आठ-दहा दिवस आधी लेखी अर्ज द्या: मार्ग, वेळ, माणसांची संख्या, जबाबदार दोघांचे क्रमांक. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. पण ध्वनिक्षेपक नकोच. त्यामुळे मागच्यांचा ठोका चुकतो आणि लोक ऐकणारे होतात, गाणारे राहत नाहीत.

पाय, पाणी, फराळ

नवे जोडे घालून येणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. फोड येतो तो ओल आणि घर्षण मिळून. सुती मोजा घामाने किंवा पावसाने भिजला की तोच कातडी घासतो. बोटांच्या मध्ये आणि टाचेला निघताना व्हॅसलीन, जवळ कोरड्या मोज्यांची एक जोडी, आणि प्रत्येक विसाव्याला पादत्राणे काढून पाय वाऱ्याला. फोड आलाच तर कातडी सोलू नका, स्वच्छ पट्टी लावा. अनवाणी चालण्याचा नेम असणारे असतात. त्यांना निदान दहाच्या आत शेवट गाठता येईल अशी वेळ द्या, आणि मधुमेह असलेल्याला अनवाणी चालू देऊ नका. पायाची जाणीव कमी झाली असेल तर काच रुतलेली त्याला कळतही नाही.

पाणी तासाला माणशी अर्धा लिटर धरा. चाळीस माणसे, चार तासांचे चालणे, म्हणजे ८० लिटर, २० लिटरचे चार जार. घोटाघोटाने प्यायचे, प्रत्येक अभंग संपला की एक घोट. एकदम थंडगार पाण्याने तापलेला गळा धरतो. उन्हात साधे पाणीच पीत राहिले तर घामातले मीठ भरून निघत नाही आणि पोटऱ्यांत गोळे येतात. ओआरएसची लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच मिसळा, अर्ध्या बाटलीत नव्हे. ती नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

एकादशी असल्याने फराळ उपासाचा. साबुदाण्याची खिचडी जड पडते. मधल्या विसाव्याला वाडगाभर खाऊन लगेच चालायला लागले की पोट डुचमळते. राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे-गूळ, केळे हे हातात घेऊन खाता येते आणि लवकर अंगी लागते. भगर करणार असाल तर सुटी आणि जुनी घेऊ नका, दळलेले भगरीचे पीठ तर मुळीच नको. त्यात बुरशी धरते आणि उपासाच्या दिवशी भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात. बंद पाकिटातली घ्या, धुऊन घ्या, त्याच दिवशी शिजवून गरम असतानाच संपवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने कडक उपास आणि १२ किलोमीटर यांतले एकच निवडावे, आणि ते डॉक्टरांना विचारून.

पोहोचल्यावर

मंदिराच्या आवारात शिरताना रांगा मोडतात, कारण सगळ्यांना दर्शनाची घाई असते. चोपदाराने दारातच काठी उभी करावी. आधी पताका दोन्ही बाजूंना उभ्या राहू द्या, मधून टाळकरी, मग वीणा, मग तुळशी आत. तुळस उतरवून घ्यायला दोघी आधीच पुढे गेलेल्या असाव्यात; चार तास डोक्यावर भार घेतलेल्या बाईला गर्दीत ताटकळत ठेवू नका. हरिपाठ, आरती, पसायदान. ‘पुंडलिक वरदे’ झाल्यावर चोपदाराने पुन्हा काठी उभी करून हरवले-सापडले, कोण कोणत्या गाडीने परतणार, कोणाला बरे वाटत नाही, एवढे विचारून घ्यावे आणि डोकी मोजावीत.

मग पाच मिनिटे पोटऱ्या ताणा: भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर, तीस सेकंद, दोन्ही पायांना तीन-तीनदा. बसमध्ये थेट जाऊन बसले की उतरताना पाय वाकत नाहीत. मृदंगाची कणीक तिथल्या तिथे खरवडून काढा. सुकू दिली तर काढताना कातडे ओरबाडते. टाळ कोरड्या फडक्याने पुसा, भिजलेली दोरी सोडवून वेगळी वाळवा. वीणेच्या तारा थोड्या सैल करून ती गवसणीत घाला.

आणि घरी जाण्यापूर्वी कोण कुठे मागे पडत होते, कोणत्या अभंगाला ठोका सुटला, पाणी किती उरले, हे वहीच्या एका पानावर उतरवून घ्या. पुढच्या एकादशीच्या दिंडीच्या रांगा त्या पानावरून लावायच्या आहेत.